ओढ्याकाठच्या गवतातला उड्या मारणारा उंदीर : वाचकांची प्रश्नोत्तरे

अमेरिकेच्या पश्चिम भागात ओढ्याकाठच्या ओल्या गवतात लांब शेपटीचा एक उंदीर राहतो. तिथे त्याला जम्पिंग माउस म्हणतात. त्याच्या दोन प्रकारांना तिथल्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. गेल्या महिन्यात या सदरात मी त्याच्याविषयी आणि एकूणच दुर्मीळ छोट्या कृंतकांविषयी, म्हणजे कुरतडणाऱ्या दातांच्या प्राण्यांविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी आपुलकीने विचारलं, काहींनी चिडून. दोन्ही तऱ्हेचे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या दक्षिणेला राहतो. आमच्या वसाहतीमागच्या ओढ्यालगत सायकलींचा रस्ता व्हायचा होता. "उंदरामुळे अडलंय" असं इथे सगळे सांगतात. बारा वर्षांत मी तो उंदीर एकदाही पाहिलेला नाही. तो खरंच तिथे असतो का? आणि एका उंदरासाठी रस्ता अडवणं तुम्हाला पटतं का?

उत्तर : तो दिसत नाही याचा अर्थ तो नाही, असा होत नाही. तो रात्री हिंडतो, गर्द गवताच्या आडोशाने हिंडतो आणि वर्षातला निम्म्याहून जास्त काळ जमिनीखाली झोपलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात बिळात शिरला की थेट मे महिन्यात बाहेर येतो. तुमच्याकडचा प्रकार प्रेबल्स मेडो जम्पिंग माउस. एडवर्ड प्रेबल यांनी १८९५ साली कोलोरॅडोतल्या लव्हलँड गावी त्याचा नमुना मिळवला आणि १९५४ मध्ये त्याची वेगळी उपप्रजाती म्हणून नोंद झाली, तेव्हा त्यांचंच नाव तिला दिलं गेलं. पिवळसर तपकिरी अंग, पाठीवर मधोमध गडद पट्टा, पांढरं पोट, आणि डोक्यासकट सगळ्या शरीरापेक्षा लांब शेपूट. वजन उन्हाळ्यात वीस ग्रॅमच्या आसपास.

वायोमिंगच्या आग्नेय कोपऱ्यापासून कोलोरॅडो स्प्रिंग्जपर्यंत, रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी जो पट्टा आहे, तेवढाच या उंदराचा मुलूख. आणि नेमका तोच पट्टा माणसांनाही आवडला. फोर्ट कॉलिन्स, बोल्डर, डेन्व्हर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज ही सगळी शहरं तिथेच वाढली. ओढे सरळ केले गेले, काठांवर दगड रचले गेले, पाणी वळवलं गेलं, वाळू-खडीच्या खाणी आल्या. डेन्व्हर शहरातून हा उंदीर नाहीसा झाला. म्हणून १९९८ च्या मे महिन्यात त्याला 'धोक्यातील' असा दर्जा मिळाला.

आता रस्त्याविषयी. कायदा "बांधू नका" एवढंच म्हणून थांबत नाही. कुठे बांधता, केव्हा बांधता, काठाचं किती नुकसान होणार आणि त्या बदल्यात दुसरीकडे किती काठ राखणार, हे तो विचारतो. तुमच्या बाजूच्या डग्लस काउंटीने कॅसल रॉक आणि पार्कर या गावांना सोबत घेऊन २००६ मध्ये असा अधिवास आराखडा मंजूर करून घेतला. रस्ते, पूल, पायवाटा यांची कामं त्या चौकटीत करता येतात. हे मला पटतं का? पटतं. सायकलींचा रस्ता पन्नास मीटर वर सरकवता येतो, ओढा सरकवता येत नाही. आणि काठाची वाळुंजं आणि गवत राखलं की पुराचं पाणी संथ होतं, हा फायदा तुमच्या वसाहतीलाच मिळतो.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. या उंदराची चांगली वस्ती आज कुठे आहे, तर कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई दल अकादमीत, मॉन्युमेंट क्रीकच्या काठी. आणि रॉकी फ्लॅट्सला, जिथे पूर्वी अण्वस्त्रांचे भाग बनवण्याचा कारखाना होता. दोन्ही ठिकाणी सरकारी कुंपणामुळे कित्येक दशकं घरं उभी राहू शकली नाहीत. तिथे उंदरासाठी कुणी काही केलेलं नव्हतं. काठ फक्त जागच्या जागी राहिला होता.

प्रश्न : मी आठवीत आहे. हा उंदीर किती लांब उडी मारतो? तो कांगारूचा नातेवाईक आहे का? (नाशिक)

उत्तर : कांगारूशी त्याचं काहीच नातं नाही. कांगारू पिशवीवाला प्राणी, हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या दातांचा. मागचे पाय लांब आणि शेपूट लांब, ही शरीराची ठेवण निसर्गात वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे तयार झाली आहे. अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू रॅट, ऑस्ट्रेलियातला हॉपिंग माउस आणि हा जम्पिंग माउस शेजारी शेजारी ठेवले तर तू त्यांना भावंडं म्हणशील. पण ऑस्ट्रेलियातला तो आपल्या घरातल्या उंदराच्या कुळातला आणि अमेरिकेतला कांगारू रॅट अगदीच तिसऱ्या कुळातला. जम्पिंग माउसचे खरे नातेवाईक म्हणजे मध्य आशियातले जर्बोआ आणि बर्च माउस. त्यातला एक बर्च माउस काश्मीरच्या उंच डोंगरांत राहतो. महाराष्ट्रात या घराण्यातलं कुणीच नाही.

उडीचं म्हणशील तर एरवी तो लहान लहान टप्पे टाकतो, किंवा चक्क चारी पायांवर चालतो. दचकला की पहिली उडी मोठी, तीनेक फुटांपर्यंत. मग दोन-चार उड्या आणि एकदम स्तब्ध. घुबडाला किंवा मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझलला तो नक्की कुठे थांबला हेच कळत नाही. हवेत तोल शेपटीमुळे राहतो. अपघाताने शेपूट तुटलेले उंदीर उडी मारल्यावर हवेत कोलांट्या खातात, असं अभ्यासकांनी पाहिलं आहे. तो पोहतोही छान, आणि पाण्यात बुडीही मारतो.

प्रश्न : एका ओढ्याचं गवत गेलं तर हे उंदीर दुसऱ्या ओढ्यावर का जात नाहीत? उंदीर तर कुठेही तगतात, अशी आपली समजूत आहे. विद्यार्थ्यांना हे कसं समजावू? (शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : बाई, सगळ्या विषयाचं मर्म तुमच्या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या डोळ्यासमोरचा उंदीर म्हणजे घरातला. तो काहीही खातो, कुठेही बीळ करतो, बारा महिने विणतो. जम्पिंग माउसचं जगणं याच्या अगदी उलट आहे. न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि दक्षिण कोलोरॅडोत राहणारा न्यू मेक्सिको मेडो जम्पिंग माउस घ्या. त्याला जून २०१४ मध्ये 'संकटग्रस्त' हा अधिक गंभीर दर्जा मिळाला. डोंगरातल्या उंच ठिकाणी तो वर्षातले जवळपास नऊ महिने शीतनिद्रेत असतो. उरलेल्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याला सगळं उरकायचं असतं : जागं होऊन अंगात ताकद आणायची, जोडीदार शोधायचा, पिल्लं वाढवायची आणि पुन्हा नऊ महिने पुरेल एवढी चरबी अंगावर चढवायची. वर्षाला बहुधा एकच वेत. पिल्लं जुलै-ऑगस्टात जन्मतात आणि थंडी सुरू होण्याआधी मोजक्या आठवड्यांत त्यांना गुबगुबीत व्हावं लागतं. खरिपाच्या एका पिकावर वर्ष काढणारा कोरडवाहू शेतकरी जसा ऐन हंगामात एक आठवडाही वाया घालवू शकत नाही, तसंच या उंदराचं आहे. जी पिल्लं हडकुळी असतानाच झोपी जातात, त्यांच्यातली बरीचशी पुन्हा उठत नाहीत.

चरबी येते बियांवरून. गवताच्या आणि लव्हाळ्यांच्या बिया, त्याआधीच्या दिवसांत किडे, थोडी फळं, थोडी बुरशी. बी मिळवण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. गवताचं ताट उंच असेल तर तो ते बुडाशी कुरतडतो. दाट गवतात ते आडवं पडत नाही, उभंच खाली सरकतं. मग तो पुन्हा एक तुकडा तोडतो, पुन्हा ते सरकतं, आणि असं करत करत कणीस तोंडाशी येतं. त्याने जेवण केलेल्या जागी बोटाच्या दोन पेरांएवढ्या काड्यांची आडवीतिडवी रास पडलेली असते. मैदानात उतरणारे अभ्यासक आधी अशाच राशी शोधतात.

आता विचार करा, या प्राण्याला काय लागतं? बी धरेपर्यंत उभं राहिलेलं गवत. ते साधारण दोन फूट तरी उंच हवं आणि इतकं दाट हवं की वरून जमीन दिसू नये, म्हणजे घुबडालाही उंदीर दिसणार नाही. असं गवत त्या कोरड्या मुलखात बारमाही पाण्याच्या अगदी काठालाच येतं, काही ठिकाणी जेमतेम अंगणाएवढ्या रुंदीत. शिवाय झोपण्यासाठी पुराच्या पाण्याच्या वर, झुडपांच्या मुळाशी कोरडी जागा हवी. म्हणजे ओली पट्टी आणि कोरडी पट्टी, दोन्ही एकमेकींना लागून.

दुसऱ्या ओढ्यावर जायचं तर मधली उघडी, कोरडी टेकडी ओलांडायला हवी. ती तो सहसा ओलांडत नाही. तो जातो ओढ्याच्या काठाकाठाने, आणि काठ तुटला की त्याची वाटच तुटते. म्हणून एका ठिकाणची वस्ती दीर्घकाळ टिकायची तर सलग ९ ते २४ किलोमीटर लांबीचा चांगला काठ हवा, असा अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचा अंदाज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वस्त्यांना याचा लहानसा तुकडाच उरला आहे. २००५ नंतर त्याच्या २९ वस्त्या नोंदल्या गेल्या. २०११ नंतरच्या अवघ्या काही वर्षांत त्यांतल्या किमान ११ वस्त्यांची दैना झाली. दुष्काळ, चराई, वणवे आणि वणव्यानंतर राख-चिखल घेऊन येणारे पूर ही त्याची कारणं. २०११ मध्येच ॲरिझोनात वॉलो आणि न्यू मेक्सिकोत लास कोंचास हे दोन प्रचंड वणवे याच डोंगरांत लागले होते.

विद्यार्थ्यांना सांगायचं तर एवढंच सांगा : घरातला उंदीर जागा बदलतो, कारण त्याची जागा म्हणजे माणूस, आणि माणूस सगळीकडे आहे. या उंदराची जागा म्हणजे ओढ्याकाठचं उभं गवत.

प्रश्न : आमचं घराणं धनगरांचं. तुम्ही लिहिलंत की तिकडे उंदरासाठी ओढ्याला कुंपण घालून जनावरं बाहेर ठेवली. पाण्यावाचून जनावरं कशी जगायची? ही शहरी लोकांची निसर्गभक्ती नाही का? (अहिल्यानगर)

उत्तर : तुमचा राग मला समजतो, आणि तिथल्या गुराख्यांचाही समजला. २०१४ मध्ये न्यू मेक्सिकोच्या सॅक्रामेंटो डोंगरात, लिंकन राष्ट्रीय वनातल्या आग्वा चिकिता ओढ्यावर वनखात्याने सुमारे २३ एकरांना कुंपण ठेवलं, तेव्हा ओटेरो काउंटीचे लोकप्रतिनिधी आणि शेरीफ गुराख्यांच्या बाजूने उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या आमची गुरं या पाण्यावर येतात, पाण्यावरचा हक्क आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. कोरड्या देशात पाण्याची वाट बंद होणं म्हणजे काय, हे माण-खटावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही मी त्या कुंपणाच्या बाजूने आहे, आणि कारण गुरांच्या स्वभावातच आहे. मेंढरं तुम्ही हाकता, आज या माळावर, उद्या त्या. कळपामागे माणूस असतो. तिकडे गुरं उन्हाळाभर डोंगरात मोकळी सोडलेली असतात आणि गाय काही स्वतःहून कोरड्या उतारावर चरायला जात नाही. तिला पाणी, सावली आणि हिरवं गवत एकाच जागी मिळतं, ते ओढ्यात. मग हजारो एकरांचं कुरण असलं तरी सगळा भार त्या अरुंद पट्टीवर येतो. महिनाभरात गवत बोटभर राहतं, काठ ढासळतो. तो उंदराचा बियांचा महिना असतो.

उपाय आहेत, आणि ते गुराख्याला बरोबर घेऊनच होतात. ओढ्याचा काही भाग बंद करताना पाण्यावर उतरायला ठरलेल्या वाटा ठेवणं, उतारावर टाक्या बांधून पाणी वर नेणं, गुरांचा मुक्काम हंगामाप्रमाणे बदलणं. कुंपण आणि टाकीचा खर्च गुराख्याच्या माथी मारणं मात्र अन्याय आहे, आणि तसं जिथे होतं तिथे भांडायलाच हवं. गुरं बाजूला ठेवली की ओलाव्याच्या जागी गवत लवकर उठतं, ही त्यातली आशेची बाजू.

बीव्हरचं नावही इथे घ्यायला हवं. हा प्राणी ओढ्यात काटक्या-चिखलाचे बांध घालतो, त्यामागे पाणी पसरतं, आजूबाजूची जमीन ओली राहते आणि लव्हाळं माजतं. एकोणिसाव्या शतकात केसाळ कातड्यांसाठी बीव्हर मारले गेले आणि त्यांच्याबरोबर ही ओली कुरणंही आटली. आता काही ओढ्यांवर त्यांना परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. माझा सगळ्यात जास्त भरवसा या उपायावर आहे, कारण त्यात पाणी गुरांनाही मिळतं.

प्रश्न : डीएनए तपासणीत प्रेबल्स उंदीर वेगळा नसल्याचं सिद्ध झालं, असं वाचलं. मग संरक्षण कशासाठी? (जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तू अर्धी गोष्ट वाचली आहेस, पूर्ण सांगतो. डेन्व्हरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात काम करणारे रॉब रॉय रेमी आणि सहकाऱ्यांनी कवट्यांची मापं आणि डीएनए तपासून म्हटलं, की प्रेबल्स हा शेजारच्या बेअर लॉज प्रकारापासून वेगळा काढता येत नाही. त्याच्या आधारे २००५ मध्ये सरकारने संरक्षण काढण्याचा प्रस्ताव मांडला. बांधकाम व्यावसायिकांनी स्वागत केलं, पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतला. मग अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले टिम किंग आणि सहकाऱ्यांनी डीएनएचे जास्त भाग तपासले. त्यांचा निष्कर्ष उलट आला : हे गट वेगळे आहेत. दोन्ही अभ्यास तटस्थ शास्त्रज्ञांच्या समितीपुढे ठेवले गेले आणि २००६ मध्ये समितीने किंग यांच्या बाजूने कौल दिला.

तिथेही विषय संपला नाही. २००८ मध्ये वायोमिंगपुरतं संरक्षण काढलं गेलं, कोलोरॅडोत ठेवलं गेलं. २०११ मध्ये ते वायोमिंगमध्ये पुन्हा लागू झालं. २०१३ मध्ये जेसन मलेनी आणि जोसेफ कुक यांनी आणखी मोठ्या पट्ट्यातले नमुने घेऊन दाखवलं, की प्रेबल्सचं नातं उत्तरेकडे दूरवर पसरलेल्या वंशाशी जोडलेलं आहे, म्हणजे त्याचं वेगळेपण वाटलं होतं त्याहून कमी आहे. याच संशोधनाच्या ओघात न्यू मेक्सिकोचा उंदीर मात्र इतका निराळा निघाला, की पुढे त्याला उपप्रजातीवरून स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला गेला.

माझं मत विचारशील तर असं. नमुने किती, कुठले आणि डीएनएचे कोणते भाग तपासले, यावर उत्तर बदलतं, आणि उपप्रजातीची रेघ कुठे ओढायची हा प्रश्न काही अंशी माणसाच्या सोयीचा राहतोच. अमेरिकेचा कायदा हे ओळखतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत प्रजाती किंवा उपप्रजाती नसली, तरी वेगळ्या आणि महत्त्वाच्या वस्तीलाही तो संरक्षण देऊ शकतो. तू या क्षेत्रात येणार असशील तर रेमी आणि किंग यांचे दोन्ही निबंध समोरासमोर ठेवून वाच, आणि निष्कर्षाच्या आधी नमुन्यांचा तक्ता बघ.

प्रश्न : उंदरांनी माझ्या हरभऱ्याचं वाटोळं केलं. तुम्ही उंदीर वाचवा म्हणता. आमचं काय? (शेतकरी, लातूर)

उत्तर : दादा, तुमच्या हरभऱ्यातला उंदीर वाचवा असं मी म्हणत नाही. भारतात कृंतकांच्या शंभराच्या आसपास प्रजाती आहेत. शेताचं खरं नुकसान करणाऱ्या त्यातल्या मोजक्याच, बोटांवर मोजण्याइतक्या : छोटी घूस, जर्बिल, मऊ केसांचा शेतउंदीर आणि असे काही. त्यांचा बंदोबस्त करायलाच हवा, आणि तो एकट्याने करून उपयोग नाही. शेजारच्या चार शेतांनी एकाच आठवड्यात बिळं बुजवून, उकरलेली बिळं ओळखून काम केलं तर फरक पडतो. बांध फार रुंद आणि झुडपी ठेवू नका, घुशीला तेच हवं असतं. आणि झिंक फॉस्फाईडचं आमिष उघड्यावर फेकू नका, ते बिळात टाका. बाहेर पडलेलं आमिष मोर, होला, गावठी कोंबडी खाते आणि ज्या घुबडावर तुमची भिस्त आहे तेही विषारी उंदीर खाऊन मरू शकतं.

पण एक उदाहरण सांगतो, कारण ते शेतीतलंच आहे. युरोपातला रानटी हॅम्स्टर हा शेतातला उंदीर. धान्य बिळात साठवतो म्हणून लोकांनी त्याला पिढ्यान् पिढ्या मारलं. तो कधी संपेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २०२० मध्ये तो संकटातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. फ्रान्सच्या अल्सास भागात त्याच्या शेतात मैलोन् मैल फक्त मका आला. स्ट्रासबुर्गच्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा दिसलं, की नुसत्या मक्यावर ठेवलेल्या माद्या स्वतःची पिल्लं खात होत्या. मक्यातून ब-३ जीवनसत्त्व नीट मिळत नाही, त्याचा हा परिणाम; ते पुरवल्यावर माद्या पिल्लं वाढवू लागल्या. हॅम्स्टरला पुरेसं संरक्षण दिलं नाही म्हणून युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये फ्रान्सला दोषी ठरवलं होतं. एकाच पिकाचा पट्टा शेतातल्या जिवांना काय करतो, हे त्यातून दिसलं. तुमच्या भागातही सोयाबीन आणि हरभरा सोडून बांधावर-शिवारात काय उरलं आहे, ते तुम्हीच जास्त चांगलं सांगू शकाल.

प्रश्न : चिचुंद्री हा दुर्मीळ उंदीर आहे का?

उत्तर : चिचुंद्री उंदीर नाही, कृंतकही नाही. ती कीटकभक्षी आहे, झुरळं खाते. तिला मारू नका.

प्रश्न : असे उंदीर प्राणिसंग्रहालयात वाढवून सोडले तर प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : मदत होते, पण प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. दोन उदाहरणं पाहा.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा पॅसिफिक पॉकेट माउस जेमतेम सहा-आठ ग्रॅमचा. तो नामशेष झाला असं मानलं जात असताना १९९३ मध्ये डेना पॉइंटला सापडला. सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयाने २०१२ मध्ये त्याची पैदास सुरू केली आणि २०१६ मध्ये लगुना किनाऱ्याच्या राखीव भागात सोडायला सुरुवात झाली. तिथे किनाऱ्याची झुडपं शिल्लक होती म्हणून हे जमलं.

दुसरं उदाहरण जिव्हारी लागणारं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामध्ये टॉरेस सामुद्रधुनीत ब्रँबल के नावाचं चार-पाच हेक्टरांचं प्रवाळी बेट आहे. तिथला मेलोमिस हा उंदीर जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. समुद्राचं पाणी वारंवार बेटावर चढलं आणि २००४ मध्ये सव्वादोन हेक्टरांच्या आसपास असलेली वनस्पती २०१४ पर्यंत जवळपास संपली. उंदीर शेवटचा दिसला २००९ मध्ये. २०१४ मध्ये शोधायला गेलेल्यांना एकही मिळाला नाही, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. त्याची संख्या घटते आहे हे ठाऊक होतं. काही उंदीर वेळेत उचलून आणले असते तर आज तो पिंजऱ्यात का होईना, असता. पैदास करायची तर ती थोडेफार उरलेले असताना सुरू करावी लागते, आणि सोडायला जागा राखून ठेवावी लागते.

प्रश्न : आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो. तिथे फक्त गडावरच सापडणारा उंदीर आहे म्हणे. आम्ही काही करू शकतो का? (ट्रेकिंग गट, पुणे)

उत्तर : हो, कोंडाणा उंदीर. मिश्रा आणि धांडा या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये सिंहगडाच्या माथ्यावरून त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद केली. तो मऊ केसांच्या शेतउंदरांच्या गटातला, रात्री हिंडणारा, बिळं करून राहणारा. नोंद झाल्यावर कित्येक वर्षं तो सिंहगडाच्या पठाराखेरीज कुठूनच माहीत नव्हता. लाल यादीत तो संकटात असलेल्यांमध्ये आहे. कारणं म्हणून अधिवासाचा ऱ्हास, जास्त चराई आणि पर्यटन यांची नोंद आहे.

आपल्या कायद्याची एक बाजू इथे सांगायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची पाचवी अनुसूची होती. त्यात उंदीर सरसकट होते, सामान्य आणि दुर्मीळ असा भेद नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. ही मला फार महत्त्वाची दुरुस्ती वाटते, आणि तिची चर्चा मात्र जवळजवळ झाली नाही.

तुम्ही करण्यासारखं बरंच आहे. गडावर खाल्लेलं सगळं, कणसाच्या बुरखुंडासकट, खाली आणा. उरलेल्या पिठल्या-भाकरीवर गावातले उंदीर, घुशी, मांजरं आणि कुत्री वर येऊन टिकतात. घरचे उंदीर आले की गडावरच्या उंदराचं अन्न आणि बीळ दोन्ही जातं, त्यांच्याबरोबर रोगही येतात. मांजर तर दोन्हींत फरकच करत नाही. पठारावर ठरलेल्या वाटेनेच चाला, कारण बिळं गवताखाली असतात आणि तुडवलेली जमीन घट्ट होते. हिवाळा सरताना वणवा दिसला तर लगेच वनखात्याला कळवा. टपरीवाल्यांशी तुमची ओळख असेलच. उंदरांना विष घालण्याऐवजी धान्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवायला त्यांना सांगा, वर्गणी काढून डबे घेऊन दिलेत तर आणखी चांगलं.

गडावर उंदीर दिसला तर पकडू नका. मऊ केसांच्या साध्या शेतउंदरापासून कोंडाणा उंदीर नुसत्या नजरेने वेगळा ओळखणं तज्ज्ञालाही कठीण जातं, त्यासाठी दात आणि कवटी बघावी लागते. जमलं तर फोटो काढा, तारीख, वेळ आणि नेमकी जागा टिपून ठेवा आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राकडे पाठवा. मेलेला सापडला तर हात न लावता तसंच कळवा.